नुसता ठेका

परवा आमच्याकडच्या गाण्याच्या बैठकीला एक तबलजी आले होते. बरोबर चार तबले, दोन डग्गे, स्वतःचा माइक आणि चांदीच्या मुठीची हातोडी. वीस मिनिटं त्यांनी तबला सुरात लावायला नुसतं ठोकलं आणि लोकांनी त्यालाही माना डोलावल्या.

गाणाऱ्या बाई सत्तरीच्या. त्यांनी संथ लयीत ख्याल सुरू केला. दोन मात्रांमध्ये जरा मोकळी जागा दिसली की हे गृहस्थ तिथे दहा बोल कोंबत, केसांना झटका देत आणि आमच्याकडे बघत. शेवटी बाई हळूच म्हणाल्या, "नुसता ठेका धरा हो."

नेमकं तेवढंच जमेना. साध्या ठेक्यात लय पुढे पळायला लागली. मोकळी जागा मोकळी ठेवायला जी छाती लागते, ती काही हातोडीने ठोकून बसवता येत नाही. बाईंचा तळवा मांडीवर आला. स्वतःच मात्रा मोजत त्या गायल्या.

मग समेवर ह्यांनी असा दणका दिला की टाळ्यांचा कडकडाट झाला. काय अडाणी लोकांत येऊन बसलो, असं म्हणत मी खाली पाहिलं, तर माझेही हात टाळ्या वाजवत होते.