स्वयंपाकघर बंद होतं

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी धुतलेले कपडे घडी करून रचत होते. "मामी, आई गेली," एवढंच म्हणाला तो. मी उरलेले चार टॉवेल घडी केले, कपाटात ठेवले आणि मग खुर्चीत बसले. रडू आलं नाही. त्याला आता पाच आठवडे झाले, अजूनही आलेलं नाही. देवळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. प्रेमळ, सुसंस्कृत, माणसं जोडणाऱ्या... एकेक जण उठून बोलत होता. मी उठले नाही. पण ईशा आणि नील, तुम्ही क्युपर्टिनोत एवढ्या लांब राहता आणि तुमच्यापर्यंत त्या सभेतली सुमनआजीच पोचेल. म्हणून माझ्या वन्सं कशा होत्या ते लिहून ठेवते.

वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची मोठी बहीण. डॉक्टर नवऱ्याबरोबर त्या पुष्कळ वर्षं इंग्लंडात एका परगण्यात राहिल्या. तिथल्या जमीनदारांचे जुने वाडे त्यांनी एकूण एक पाहिले होते. तिकीट वहीत चिकटवायचं आणि खाली शेरा लिहायचा. जिना कसा, पडदे कुठले, घड्याळ चालू की बंद. दोन हजार एक साली त्या इथे अमेरिकेत, मिलिंदकडे अ‍ॅशबर्नला आल्या, मीही तोवर तुमच्या काकाकडे राहायला आले होते. इथून तासाभराच्या टापूत तसलीच जुनी घरं आहेत म्हटल्यावर वन्संची वही पुन्हा उघडली. शनिवारी मिलिंद ड्राइव्ह करायचा, पुढे वन्सं, मागे मी आणि डबा. "ह्यांचं काय जुनं? आमच्या इंग्लंडात गोठेसुद्धा ह्याहून जुने," असं त्या प्रत्येक दारात म्हणत आणि तरी प्रत्येक खोली पाहत. गाइडला मध्येच थांबवून चुका काढत. मला म्हणत, "मालती, हात लावू नकोस." मी साठी ओलांडलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली बाई. कशालाही हात लावत नव्हते.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात आम्ही एका विटांच्या मोठ्या घरी गेलो. दिवाणखाना, जेवणघर बघून झालं. मग गाइड, एक तरुण मुलगी, आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेली. स्वयंपाकघर घरापासून वेगळं, पन्नास पावलांवर होतं. काळवंडलेली चूल आणि एक बाकडं, बाकी काही नाही. इथे राबणारी माणसं गुलाम होती, ती म्हणाली. भरलेली ताटं घेऊन ह्या वाटेनं घरात जाताना त्यांनी सतत शीळ घालायची, असं सांगतात. शीळ घालणाऱ्या तोंडाला घास घेता येत नाही. मालकांना आत बसल्या बसल्या खात्री.

मी वन्संकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

आता हे नीट वाचा. माझं लग्न झालं त्या वर्षीच्या दिवाळीत मी पहिल्यांदा सासरी तळायला बसले. वन्संचं लग्न व्हायचं होतं. स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून त्या बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे तळताना स्तोत्र म्हणायची पद्धत आहे. मोठ्यानं. बाहेर ऐकू आलं पाहिजे." मला ते आवडलंसुद्धा. आठ दिवसांत पाठ केलं. श्वास घ्यायला थांबले की दारातून लगेच, "का गं, थांबलीस?" घरातल्या सगळ्यांची जेवणं होईपर्यंत मला फार भूक लागायची... पण पद्धत म्हणजे पद्धत. चाळीस वर्षं मी ती पाळली. तुमच्या आईला शिकवली. ईशा, तू आठ वर्षांची असताना फोनवर किती आनंदानं सांगितलं होतंस, "आजी, मी पूर्ण स्तोत्र म्हटलं, आय डिडन्ट टेस्ट इव्हन वन!" आणि मी तुला शाबास म्हटलं.

त्या माणसांना विकत घेतलेलं होतं, मला नव्हतं. त्यांच्या शेजारी मी स्वतःला बसवणार नाही. पण युक्ती ओळखीची होती, आणि ती ओळखायला मला चाळीस वर्षं लागली ह्याची लाज वाटते.

मिलिंद गाडी आणायला गेला तेव्हा बाहेरच्या बाकावर आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "वन्सं, ते तळतानाचं स्तोत्र कशासाठी होतं?"

"देवासाठी. आणखी कशासाठी?"

"मग तुम्ही तळायला बसायचात तेव्हा का नव्हतात म्हणत?"

त्यांनी स्कार्फ सोडला, पुन्हा बांधला. "मी घरची मुलगी होते, मालती."

गाडी आली. "काय मग, मजा आली?" मिलिंदनं विचारलं. "फार," वन्सं म्हणाल्या.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर गेले नाही. दर शनिवारी फोन यायचा, "येतेस?" "नाही." कारण त्यांनी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, एकदा म्हणतील... चुकलं असं नाही, नुसतं "हो, त्यासाठीच होतं" एवढं जरी म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. दीड वर्ष वाट पाहिली. दवाखान्यात भेटले तेव्हाही त्या म्हणाल्या, "तुझ्या साडीला इस्त्री नाही."

तेराव्यानंतर मिलिंदनं ती वही मला आणून दिली. "मामी, तुम्हीच जायचात ना तिच्याबरोबर. यू कीप इट." तो गेल्यावर मी ते पान शोधलं. तिकीट सरळ चिकटवलेलं, अक्षर नेहमीसारखं सुरेख. "दिवाणखाना उत्तम. जिना मजबूत. घड्याळ चालू. स्वयंपाकघर बंद होतं."

वही मी जपून ठेवली आहे, तुम्ही आलात की बघा. काल मी चकल्या केल्या. तेल तापलं आणि माझे ओठ आपोआप हलायला लागले, पहिली ओळ, दुसरी ओळ. ईशा, आता मी सांगते तसं कर. पहिल्या घाण्यातली चकली खाऊन बघ, मीठ कळायला हवं. स्तोत्र म्हणावंसं वाटलं तर देवासमोर बसून म्हण. मी झाऱ्यावरची चकली मोडून तोंडात टाकली. जीभ भाजली, स्तोत्र तिसऱ्या ओळीवर थांबलं. आणि चावता चावता मी दाराकडे पाहिलंच.