चार लुगड्यांची गोधडी

उन्हात तापलेल्या जुन्या सुती कापडाचा वास आला की मला चैत्रातली ती दुपार आठवते. लढाईची वर्षं होती, कापड रेशनवर मिळायचं. फैजपूरजवळच्या माझ्या सासरी गोधड्या शिवून पोट भरणारी एक एकटी बाई राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. सासूबाईंनी आत घालायला चार जुनी लुगडी देऊन तिला गोधडी सांगितली होती, आणि ती झाली का बघायला मला, नव्या सुनेला, पाठवलं. मी दार ढकललं आणि उंबऱ्यातच थिजले. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि अक्का आमचीच अर्धवट गोधडी खांद्यापर्यंत गुंडाळून, घामाने निथळत, तिची उरलेली कड शिवत बसली होती. "दार लोटी ले, बाई," ती मान वर न करता म्हणाली, "एकच लुगडं शे, ते वाळी ऱ्हायनं." मागच्या दारी दोरीवर तिचं ते एकुलतं नेसूचं लुगडं वाळत होतं. दार लोटून मी तशीच घरी पळाले आणि सासूबाईंना सांगितलं, उद्या होईल. आता त्या गोधडीचं वरचं कापड विरलंय, आतल्या लुगड्यांचे काठ दिसतात. एखादं तिने ठेवून घेतलं असतं तर कुणाला कळणार होतं? परवा मी काठ मोजले. चारही आहेत.