तीन मिनिटांचा सेनापती

लेकीने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी एक जर्मन सेनापती निवडला आणि आखातात, मनामा शहरातल्या आमच्या दोन खोल्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. येरझाऱ्या घालत ती त्याचं चरित्र इंग्रजीत घोकायची: मास्तरांचा मुलगा, तरुणपणीच पदकं, मग वाळवंटातल्या चढाया, शेवटी स्वतःच्याच सरकारने घेतलेला बळी. भाजी निवडता निवडता मलाही तो तोंडपाठ झाला.

तेव्हा माझे वडील साताऱ्याकडून व्हिजिट व्हिसावर आले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण सेनापतीचं नाव कानावर पडलं आणि ते सोफ्यावर ताठ बसले.

“ह्येच्याच फौजनं धरलं हुतं मला,” म्हणाले.

इंग्रजांच्या पलटणीत असताना ते लढाईत कैद झाले होते, एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही. आता ते नातीला सांगू लागले. कैद्यांना चालवत नेताना शेजारच्या गावचा त्यांचा एक सोबती कोसळला आणि तिथेच वाळूत राहिला. त्याच्या घरचंही आता कुणी उरलं नव्हतं.

“येवढ्या लोकांम्होरं बोलनार हायस, तर त्येचं नाव एकदा घे बाळा.”

लेकीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. “बट आजोबा, इट्स अबाउट द जनरल!”

शिवाय भाषण टीचरनी तपासून तीन मिनिटांत बसवलेलं. मी दोघांच्या मधे अडकले. राग यायचा तो त्या सेनापतीचा. मेल्याला इतकी पुस्तकं मिळाली, तरी माझ्या बापाच्या सोबत्यासाठी एक ओळ सोडवेना. शेवटी लेकच पाघळली. अखेरीस एक वाक्य घालते म्हणाली. वडिलांनी तिच्याकडून ते नाव पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं.

स्पर्धेच्या दिवशी ईसा टाउनच्या शाळेत ते फेटा बांधून पुढच्या रांगेत बसले. लेक झकास बोलली. सेनापती कैद्यांशी किती सभ्यपणे वागायचा हे तिने सांगितलं, तेव्हा टाळ्या थांबेनात. त्यातच वेळ गेला. शेवटचं वाक्य घ्यायला तिने तोंड उघडलं आणि घंटा वाजली. शिस्तीची पोर, थँक्यू म्हणून खाली उतरली. मला उठून ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार तरी काय? शेजारी वडील जोरजोरात टाळ्या वाजवत होते.

परतताना टॅक्सीत त्यांनी विचारलं, “घेतलंस न्हवं नाव? लई भरभर बोलतीस, मला घावलं न्हाई.”

लेकीने मान खाली घातली. “देअर वॉज नो टाइम, आजोबा.”

एवढं इंग्रजी त्यांना कळलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“आसू दे. तवाबी न्हवता. मूठभर माती टाकाय थांबू दिलं न्हाई आमास्नी.”