निरोगी माणसाचं रक्त

आमची मुलगी ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर, संशोधन करते. पाच जणांचा गट आहे. पांढरी पेशी बिघडते तेव्हा तिच्या आतलं कोणतं बटण चालू राहतं आणि कोणतं बंद पडतं, ते हे लोक शोधतात. तिने चार वेळा समजावल्यावर मी एवढं धरून ठेवलंय. सोसायटीत कोणी विचारलंच, तर तेवढ्यावर मी दहा मिनिटं काढतो.

बिघडलेली पेशी ओळखायची तर तुलनेला धडधाकट पेशी लागते. त्यासाठी निरोगी माणसांचं रक्त घेतात. गेल्या वर्षी असा एक माणूस कमी पडला आणि मुलीने घरी सहज विषय काढला. मी लगेच बाही वर केली.

"तुम्ही निरोगी?" बायको म्हणाली. "लेखी आणा."

मी लेखीच दिलं. फॉर्मवर प्रश्न होता, महिन्याभरात कोणतं औषध घेतलंय का? मी 'नाही'वर ठळक खूण केली. औषधं न घेणं हा माझा एकमेव व्यायाम आहे. रक्त दिल्यावर बिस्किटं मिळाली आणि सात आकडा लिहिलेली पावती मिळाली. ती मी पाकिटात ठेवली, लोकांना दाखवायला.

आता गुडघ्याचं सांगायला हवं. विरारच्या आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, पण ती बहुतेक वेळ असतेच नुसती. आम्ही चौथ्या मजल्यावर. सातिवलीच्या गोडाऊनमध्ये माझ्या शेजारी बसणारा सहकारी कुठूनतरी गुडघेदुखीच्या पुड्या आणायचा. राखाडी पूड, मधातून घ्यायची. रक्त देण्याच्या काही दिवस आधी मीही सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी मी जिन्यात शेजारच्या कॉलेजकुमाराला मागे टाकलं. आता अशा पुडीला औषध कोण म्हणतं? फॉर्मवर जडीबुटीचा रकाना नव्हता.

पुढे सहकाऱ्याचा चेहरा पुरीसारखा फुगला. पुडीत स्टेरॉइड कुटलेलं असणार, असं सांगत डॉक्टरांनी त्याला झापलं. मी पुड्या निमूटपणे बंद केल्या. घरी अवाक्षर काढलं नाही. गुडघा मात्र पुन्हा बोलायला लागला.

मग एका रविवारी मुलगी जेवायला आली. कोळंबीचं कालवण तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाली, "उद्या मी बाहेरून आलेल्या लोकांसमोर बोलणार आहे. एका निरोगी माणसाच्या पेशीत एक बटण चालू सापडलंय. एरवी ते स्टेरॉइड दिल्यावर असं चालू होतं. आमच्या गटाच्या मॅडमनी तीनदा तपासायला लावलं. खरं ठरलं तर नवीन आहे, बाबा!"

"त्या माणसाने काही घेतलं असेल," बायको म्हणाली.

"फॉर्मवर 'नाही' आहे. ठळक."

"कोण माणूस?" मी विचारलं.

"आम्हाला नाव कळत नाही. नळीवर फक्त आकडा असतो. सात."

दोन वर्षांत मुलीला इतकं पोटभर जेवताना पाहिलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर कोणालाही कळलं नसतं. मी भात संपवला, ताक प्यायलो, हात धुतले. मग पाकिटातली पावती काढून तिच्या ताटाशेजारी ठेवली.

तिने पावती पाहिली. "काय घेत होतात?"

"औषध नाही. पुड्या."

तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. "काही ल्युकेमियांमध्ये पेशी मारायला जे देतात," ती म्हणाली, "ते तुम्ही मधातून घेत होतात."

चिडली की बायको माहेरच्या, वसईकडच्या गास गावच्या बोलीत जाते. "एवडा शिकलेला मानूस, पन कागद भरता येत नाय!"

मुलीने गॅलरीत जाऊन मॅडमना फोन केला. 'माझे वडील' एवढंच मला ऐकू आलं. नंतर बराच वेळ तीच ऐकत होती.

ती परत आल्यावर मी विचारलं, "तुझं नवीन गेलं का गं?"

"नवीन नव्हतंच, बाबा. तुम्ही होतात."

दुसऱ्या दिवशी ती बोलली, सात नंबर वगळून. अर्ध्या तासाचं वीस मिनिटांत आटोपलं. कोणी झोपलं नाही, म्हणाली.

सातच्या जागी बायकोने रक्त दिलं. औषधाच्या रकान्यात तिने ओवा, आल्याचा चहा, डोक्याला लावलेला बाम आणि शेजारणीकडचं लोणचं लिहिलं. जागा पुरली नाही म्हणून फॉर्मच्या मागच्या बाजूलाही लिहिलं. असा फॉर्म आजवर कोणी भरला नव्हता, असं मॅडम म्हणाल्या म्हणे.

तिच्या पावतीवर अकरा आकडा आहे. ती पावती ती कोणाला दाखवत नाही. फ्रिजच्या दारावर लावली आहे, एवढंच.