चिकूखालचा घास

चिंचणीला शैलाबाईंच्या वाडीत पासष्ट साली इंजिन बसलं, आणि त्याच्या महिनाभर आधी बायडी गेली. पंधरा वर्षं तिनं रहाटाचा बैल हाकला होता. विहिरीभोवती गोल, दिवसभर गोल. इंजिन आलं, बैल विकला, रहाट मोडला. मागे राहिले तिचा नवरा झिपरू आणि तिनं पाळलेलं काळं कुत्र्याचं पिल्लू.

आता ह्या पिल्लानं काय करावं? रोज दुपारी त्या रिकाम्या वाटेवर फिरायचं! पुढं बैल नाही, बाई नाही, आणि हे आपलं मान खाली घालून गोल गोल. वाटेकडच्या चिकूच्या झाडापाशी मात्र दर फेरीला थबकायचं. नेमकं तिथंच बायडी बैलाला दम खाऊ द्यायची, कमरेची चंची सोडून तंबाखू मळायची.

झिपरूच्या अंगावर सर्रकन काटा आला. "बायडी हाय," तो म्हणाला. "मला दिसत नाय, त्याला दिसते."

मग त्यानं मेलेल्या माणसाचा घास काढायला सुरुवात केली. जेवणाआधी भाकरीचा तुकडा चिकूखाली ठेवायचा आणि पाठ फिरवून निघायचं. वळून बघायचं नाही. बघितलं तर मेलेलं माणूस उपाशी उठून जातं, असं त्याच्या घरी सगळेच मानत. जेवून परत आला की तुकडा गायब! म्हातारा खुलला. महिनाभर ज्याला घास उतरत नव्हता, तो पोटभर जेवायला लागला. बायडी जेवते ना, मग आपणही जेवावं.

पिल्लाच्या फेऱ्या मात्र वाढल्या. ते सकाळीही फिरे, पंजे सोलवटले तरी फिरे. शेवटी शैलाबाईंना राहवेना. "अरे झिपरू, बायडीच्या मागं हिंडायची त्याला सवय लागलीय. त्यात तिथं रोज भाकरी मिळते, मग ते थांबेल कशाला? पाय बघ त्याचे! एकदा वळून बघ रे."

"नको, बाई. बघितला तं ती जाईल."

पण वाटेवरचं रक्त त्यालाही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं घास ठेवला, चार पावलं गेला आणि वळला. पिल्लू तुकडा चावत होतं. चिकूखाली दुसरं कोणी नव्हतं. झिपरू मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला.

त्यानंतर तो पिल्लाला झोपडीपाशीच हातानं भरवू लागला. आठ दिवसांत फेऱ्या थांबल्या, जखमा सुकल्या. पिल्लू सावलीत खुशाल लोळू लागलं. झिपरूच्या घशाखाली मात्र पुन्हा काही उतरेना. आपण वळून बघितलं, आणि बायडी आठ दिवस उपाशी आहे, हेच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

नवव्या दुपारी इंजिन बंद होतं. शैलाबाई विहिरीवर आल्या तर झिपरू त्या वाटेवर फिरत होता. हातात भाकरी, मान खाली, गोल गोल. पिल्लानं डोकं वर केलं, त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा झोपलं. झिपरू चिकूपाशी थबकला.

"झिपरू, अरे काय चाललंय हे?"

त्यानं मान वर केली नाही.

"हळू बोला, बाई," तो म्हणाला. "ती दम खाते हाय."