बबीनावालीचा ताप

बबीनावाली आमच्या डिपार्टमेंटला आली त्या आठवड्यातच सरांनी तिला आपल्या डब्यातलं वांग्याचं भरीत वाढलं. मी तिच्या कितीतरी आधीपासून त्याच टेबलाशी बसून जेवत होते. मला कधी लोणच्याची फोडसुद्धा मिळाली नव्हती. भरताचं मला काही नाही हो, आमच्या घरी आई उत्तम करते. पण पोटात दुखलं ते दुखलंच.

बबीनावाली हे नाव मीच पाडलं होतं. तिचे वडील फौजेत, तेव्हा बबीनाच्या छावणीत होते, मूळचे साताऱ्याकडचे. ती आणि मी एकाच वर्षाच्या, झाशीच्या मोठ्या इस्पितळात संसर्गजन्य रोगांचं शिक्षण घेणाऱ्या डॉक्टर. मी त्याआधीही तिथेच कामाला होते. बाकी सगळी मुलं, पुढच्या-मागच्या वर्षांची. सर आमचे विभागप्रमुख, वर्ध्याकडून येऊन इथेच केस पांढरे केलेले आणि मराठी ऐकायला आसुसलेले. तिची मराठी अशी खणखणीत की सर राउंड थांबवून तिच्याशी बोलत बसत. माझे पूर्वज इकडे झाशीजवळच्या गुरसरायच्या जहागिरीत कारकुनी करायला आले, त्याला पिढ्या लोटल्या. माझं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत जाऊन टेकायचं. त्यावर सर नुसते हसायचे. तिला ‘बाळ’ म्हणायचे आणि मला ‘डॉक्टर, तुम्ही’. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

हे सगळं मी गिळलं असतं. पण शिक्षण संपल्यावर आमच्यापैकी एकीलाच तिथे नोकरी मिळणार होती. जागा एकच होती आणि कोणाला घ्यायचं ते सरांच्या शब्दावर ठरणार होतं. ती मिळाली नाही तर मला कानपूर नाहीतर लखनौ गाठावं लागणार होतं. बाबा गेल्यापासून आई घरात एकटी. तिला गुडघ्यांमुळे जिना उतरवत नव्हता आणि झाशी सोडायचं नाव काढलं की ती जेवायची बंद व्हायची. बबीनावालीचं काय, फौजेतल्या माणसाची मुलगी, सारं जग तिचं. तरी तिलाही हीच जागा हवी होती, आणि ती तिलाच मिळणार हे चहावाल्या भैयापर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

सरांचा एक दंडक होता. तापाचा पेशंट आला की पडदा ओढायचा, सिस्टरला शेजारी उभं करायचं आणि त्याला डोक्यापासून तळव्यापर्यंत तपासायचं. काखा, जांघा, कानामागे, काही सोडायचं नाही. कारण आमच्या भागात पावसाळा सरताना गवतातला एक बारीक किडा चावतो. तो चावलेला कळत नाही. दुखत नाही, खाजत नाही, फक्त करपलेल्या मसुरीएवढी काळी खपली राहते. त्या तापाला स्क्रब टायफस म्हणतात. खपली सापडली तर साध्या गोळीने माणूस उठून बसतो, नाही सापडली तर फुप्फुसं जातात, मूत्रपिंडं जातात. मोठ गावाकडून येणाऱ्या बायका पदर सोडायला लाजायच्या. आम्हीही मग वरवर पाहून मोकळे व्हायचो, की सरांचा आवाज चढायचा. “शितावरून भाताची परीक्षा घरी करा. इथे अख्खं भांडं उपसायचं.”

त्या वर्षी दिवाळीच्या आधी बबीनावालीला ताप आला. हॉस्टेलात डेंग्यूची साथ होती, तिच्या रक्तातल्या प्लेटलेटही उतरलेल्या, तेव्हा हाही डेंग्यूच असं सर्वानुमते ठरलं. तिला आमच्याच वॉर्डातली कोपऱ्यातली खोली मिळाली. आणि मग काय सांगू तो थाट. सर सकाळ-संध्याकाळ जाणार, खुर्ची ओढून बसणार, जीभ बघणार, कपाळाला हात लावणार. सरांच्या घरून मऊ भात येणार. मुलं चपला बाहेर काढून आत शिरत, देवळात शिरावं तशी. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मला एकदा टायफॉइड झाला होता तेव्हा सरांनी निरोप पाठवला होता, रजेचा अर्ज द्या म्हणून.

ताप काही हटेना. डेंग्यूचा ताप एव्हाना उतरायला हवा होता. तिचा वाढला, आणि एका दुपारी मी सलाईन बघायला गेले तर तिचा श्वास धापांवर आलेला. ओठ सुकलेले, बोलताना वाक्य तुटत होतं. मुलं सरांना शोधायला धावली. मी तिथेच उभी राहून तिच्याकडे बघितलं आणि डोक्यात एकच आलं की हिला कोणी तपासलेलंच नाही. जीभ पाहिली, डोळे पाहिले, नाडी पाहिली. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकल्या.

मी पडदा ओढला, सिस्टरला हाक मारली आणि तिला म्हटलं, “कुशीवर हो.”

“नको गं,” ती कशीबशी म्हणाली. “सरांनी पाहिलंय.”

“सरांनी जीभ पाहिलीय. कुशीवर हो म्हटलं ना.”

सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत राहिली, इतका माझा आवाज कोरडा होता. माया नव्हतीच माझ्या आवाजात, उगाच का खोटं बोलू. मला तिचं लाजणं दिसत नव्हतं, तिचं कण्हणं कानात शिरत नव्हतं. मोठ गावाहून आलेल्या एखाद्या बाईला तपासावं तशी मी तिला तपासत गेले. कानामागे, मानेवर, काखेत काही नव्हतं. कमरेशी मागच्या बाजूला, सलवारीच्या नाडीखाली, काळी खपली होती. तिला ताप यायच्या थोडं आधी आमची सगळी टोळी गावोगाव तापाच्या पेशंटांच्या रक्ताचे नमुने गोळा करत हिंडली होती आणि बांधावरच्या गवतात बसून आम्ही डबे खाल्ले होते. तिच्या पाठीला काय चिकटलं ते कोण बघणार.

सर आले ते पडद्याबाहेरच थांबले. मी बाहेर येऊन सांगितलं. त्यांनी आधी भिंतीला आणि मग माझ्या खांद्याला हात टेकला. औषध लगेच सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तिचा श्वास निवला, तिसऱ्या दिवशी तिने मऊ भात मागितला. तिची आई बबीनाहून आली, माझे हात धरून रडली. मलाही रडू आलं. एवढी काही मी पाषाण नाही.

आता सारं पूर्ववत होणार, ती पुन्हा भरीत खाणार आणि जागाही तिलाच जाणार, हे मी मनाशी धरून चालले होते. आईला कानपूरच्या गोष्टी हळूहळू सांगायलाही लागले होते. पण परीक्षेनंतर सरांनी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाले की जागेसाठी त्यांनी माझं नाव दिलं आहे. मी खाली मान घालून ‘जी सर’ म्हटलं. आनंद इतका झाला होता की आईला कधी सांगते असं झालं होतं.

“तुम्हाला वाटेल, उपकार फेडतोय,” सर म्हणाले. “तसं नाही. इथे तुमच्यासारखंच माणूस हवं. मी त्या पोरीला मुलगी मानून बसलो. रोज जायचो, पण सिस्टरला सांगून तिचे कपडे उतरवून बघायचं मला सुचलंच नाही. सुचलं असतं तरी माझी जीभ रेटली नसती. माझ्या हातून पोर गेली असती.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “त्या खाटेवर तिच्या जागी तुम्ही असतात ना डॉक्टर, तर मला पहिल्याच दिवशी सापडलं असतं.”

ते माझं कौतुकच करत होते. मी पुन्हा ‘जी सर’ म्हटलं आणि बाहेर आले. बबीनावाली कॉरिडॉरमध्ये पेढ्यांचा डबा घेऊन उभी होती. तिला आधीच कळलं होतं. तिने स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात पेढा घातला आणि मनापासून हसली. जागा मला मिळाली होती, आई आपल्या घरात राहणार होती. आणि मी पेढा चघळत तिच्याकडे बघत होते, मनात एवढंच येत होतं, की माझ्याही बाबतीत सरांनी एकदा तरी असं मायेपोटी चुकायला हवं होतं.