हात वर करून हरलेली उमेदवारी

"हात वर करून मतदान नको, ताई. चिठ्ठ्या टाकू," मी मंगल कार्यालयाच्या जिन्यातच वकील सुनंदाताईंना अडवलं.

"लपवायचं काय त्यात? माझं सगळं उघड असतं," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

मी पक्षांसाठी सर्व्हे करते. घरोघर जायचं, लोकांचा कल काढायचा आणि पक्षाला खरं सांगायचं. राहुरीकडच्या एका नगरपालिकेच्या गावात पक्षाने नगराध्यक्षपदाचा उमेदवार सभासदांकडूनच निवडायचं ठरवलं. आमच्या ऑफिसात याला प्रायमरी म्हणतात. म्हणजे खऱ्या निवडणुकीआधी घरातली निवडणूक.

सुनंदाताई पुरोगामी. घराच्या उताऱ्यावर बायकोचंही नाव लावा, वस्तीतलं दारूचं दुकान हलवा, असलं बोलायच्या. समोर साखर कारखान्याचे माजी संचालक. पण चुलीपाशी बसून विचारलं की प्रत्येक घरातली बाई ताईंचीच निघायची. सासवासुद्धा.

पुण्याहून आलेल्या पक्षाच्या निरीक्षकांनी मतदानाची पद्धत विचारली तेव्हा संचालक लगेच म्हणाले, "ताई म्हनतील तसं." माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस असा उदार नव्हे.

पुरुष पुढे खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. निरीक्षक म्हणाले, "सुनंदाताईंच्या बाजूने हात वर करा." पुढच्या सगळ्या खुर्च्या मागे वळल्या. सासरे, दीर, चुलते, सगळे बघायला लागले. बायकांचे हात वर गेले, पण डोक्यावरचा पदर सावरायला. तसेच खाली आले.

संचालक आरामात निवडून आले.

बाहेर कमलने मला गाठलं. घरी गेले होते तेव्हा हिनेच मला शपथ घेऊन सांगितलं होतं, मत ताईंनाच. "मॅडम, मामंजी समोर हुते. त्यांच्यापुढं मी मोठ्यानं बोलत न्हाई, हात कसा वर करू?"

सुनंदाताई गाडीत बसल्या होत्या. "माझंच चुकलं का गं?"

"हो ताई. तुम्हाला उघड बोलणं परवडतं. त्यांना घरी जायचं असतं."

मग निरीक्षकांनी बोलावलं. "रिपोर्टमध्ये लिहा, इथल्या लोकांना पुरोगामी उमेदवार चालत नाही. पुन्हा बाईंचं नाव नको."

"नाही लिहिणार, सर. खोटं आहे ते."

"मतं डोळ्यांनी पाहिलीत ना?"

"पाहिली. तुम्ही सुनांना विचारलंत, उत्तर सासऱ्यांनी दिलं. मी हेच लिहिणार."

"काम पक्षाचं करता तुम्ही."

"म्हणूनच."

मी तसंच लिहिलं, आणि जिल्ह्यातलं पुढचं काम दुसऱ्या एजन्सीला गेलं. राग आला, अजूनही येतो. पण एक शब्द बदलला नाही.

खऱ्या निवडणुकीत मशीनभोवती पुठ्ठ्याचा आडोसा असतो. तिथे मामंजींना आत सोडत नाहीत. संचालक सपाटून पडले.

निरीक्षकांचा फोन आला. "मॅडम, आपल्या बायका गेल्या कुठं?"

"आडोशाला," मी म्हणाले.

विचार पेलले नाहीत म्हणून लोकांना नावं ठेवण्याआधी त्यांना एकट्याने विचारून बघावं. तेवढ्याला एक पुठ्ठा पुरतो.